श्वास की शौच? वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी एच. पायलोरीची तपासणी निवडताना

स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून नळी ठेवणं) किंवा बायपास (जठराचा छोटा कप्पा थेट आतड्याला जोडणं) यांची तारीख जवळ आली की तपासण्यांच्या यादीत एच. पायलोरी हा जठरातला जंतू येतोच. तपासावं का, हा वाद आता फारसा उरलेला नाही. कशाने तपासावं, यावर मात्र दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात. एक म्हणतो ब्रेथ टेस्ट उरकून टाका, दुसरा स्टूलची डबी हातात ठेवतो. कागदावर दोन्हींची अचूकता ९५ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे आकडे बघून निवडायला गेलात तर नाणेफेकच करावी लागेल. आम्ही बराच काळ ब्रेथ टेस्टवर होतो आणि शेवटी शौचात जंतूचे अंश शोधणाऱ्या स्टूल अँटिजेन तपासणीकडे वळलो. ब्रेथ टेस्ट वाईट आहे म्हणून नव्हे. कारण वेगळं आहे, आणि ते तपासणीच्या दिवशी दिसतच नाही. ते पुढच्या सहा महिन्यांत दिसतं.

एंडोस्कोपीला या तुलनेत धरलेलं नाही, कारण तिचं काम निराळं आहे. आयएफएसओ या बॅरिॲट्रिक (वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या) सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० च्या निवेदनात म्हटलं आहे की वरच्या पचनमार्गाच्या तक्रारी असलेल्या प्रत्येकाची शस्त्रक्रियेआधी एंडोस्कोपी करावी, आणि तक्रारी नसलेल्यांतही तिचा विचार व्हावा. ती हायाटस हर्निया, अन्ननलिकेचा दाह, व्रण आणि आतड्यासारखं होऊ लागलेलं जठराचं अस्तर शोधते. जंतू हा तिथला एक भाग. शिवाय औषधाचा कोर्स झाल्यावर ‘गेला का?’ एवढ्यासाठी पुन्हा घशातून नळी घालायला कुणी तयार होत नाही, आणि होऊही नये. म्हणजे एंडोस्कोपी झालेली असो वा नसो, श्वास की शौच हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच.

रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी एका वाक्यात संपवतो: जंतू गेल्यावरही आयजीजी ही अँटिबॉडी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतं, त्यामुळे कोर्सनंतर तिचा उपयोग शून्य. तिचा एकच गुण आहे, तो पुढे एका अडचणीत कामी येतो.

मुळात एवढी घाई कशाला

जंतू पोटात असताना ऑपरेशन केलं तर टाक्यांची रेषा फुटते का, बायपासच्या जोडावर व्रण होतो का, यावरचे पुरावे एका सुरात बोलत नाहीत. जोडावरच्या व्रणाचे पक्के गुन्हेगार म्हणजे धूम्रपान आणि वेदनाशामक गोळ्या. जंतूचं नाव संशयितांत आहे, पण सगळेच अभ्यास त्याला दोषी धरत नाहीत. तरीही ऑपरेशनआधीच त्याचा निकाल लावावा असं आम्हाला ठामपणे वाटतं, ते दोन कारणांनी.

पहिलं कारण बायपासच्या रचनेतलं. जठराचा वरचा साधारण ३० मिलीचा कप्पा वापरात राहतो आणि उरलेलं मोठं जठर बाजूला बंद होऊन पडतं. अन्न तिथे जात नाही, आणि नेहमीची एंडोस्कोपही जात नाही. एच. पायलोरीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली पहिल्या गटातला कर्ककारक ठरवलं. असा पाहुणा आत ठेवून दार कायमचं बंद करणं कुणालाच बरं वाटणार नाही.

दुसरं कारण साध्या गिळण्याचं. बिस्मथवाल्या चार औषधांच्या कोर्समध्ये बिस्मथ दिवसातून चार वेळा, टेट्रासायक्लीन ५०० मिग्रॅ चार वेळा, मेट्रोनिडॅझोल ५०० मिग्रॅ तीन ते चार वेळा आणि पीपीआय (आम्ल कमी करणारी गोळी) दोन वेळा, म्हणजे दिवसाला तेरा-चौदा गोळ्या, तेही १४ दिवस. टेट्रासायक्लीन ताठ बसून ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावी लागते. अन्ननलिकेत अडकली तर तिथेच जखम करते. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे माणूस घोटभर पाणी थांबून थांबून पितो. त्याला ग्लासभर पाण्याबरोबर कॅप्सूल घ्या म्हणणं हा विनोद आहे. उलट्या झाल्या तर नव्या टाक्यांवर ताण, गोळ्या चुकल्या तर जंतू औषधाला सरावतो. हे सगळं ऑपरेशनआधी, धडधाकट जठर असताना उरकलेलं बरं.

ब्रेथ टेस्ट जवळून

तत्त्व माहीतच असेल: जंतूचं युरियेज हे विकर (एन्झाइम) युरिया फोडतं, त्यातून कार्बन-१३ असलेला कार्बन डायऑक्साइड निघतो आणि फुंकरीत सापडतो. कार्बन-१३ किरणोत्सारी नाही, त्यामुळे त्या बाबतीत भीती नको. कार्बन-१४ ची कॅप्सूल किरणोत्सारी असते. मात्रा अगदी थोडी, तरी गरोदरपणाची शक्यता असेल तर ती टाळतात.

प्रत्यक्षात बिघडतं ते पिशवी भरताना. आधी उपाशीपोटी एक फुंकर, मग साधारण ७५ मिग्रॅ युरिया, बहुतेक किटमध्ये सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाबरोबर, आणि ३० मिनिटांनी दुसरी फुंकर. सायट्रिक ॲसिडचं काम जठर रिकामं होण्याचा वेग कमी करणं आणि युरियेजला पोषक आंबटपणा देणं. ते चवीसाठी नसतं, म्हणून ‘आंबट लागतं’ म्हणत अर्धं टाकून दिलं तर चाचणीच अर्धी होते. यंत्राला हवी असते फुफ्फुसाच्या तळातली हवा. खोल श्वास, काही सेकंद थांबणं, मग सुरुवातीची हवा बाहेर सोडून शेवटची पिशवीत. ज्यांचं वजन जास्त आहे आणि ज्यांना दोन जिने चढून आल्यावर धाप लागते, त्यांची फुंकर उथळ पडते आणि यंत्र ‘नमुना अपुरा’ म्हणून हात झटकतं. त्यांना दहा मिनिटं बसवून मग पिशवी द्यावी. दोन पिशव्यांची अदलाबदल झाली तर फरकाचा आकडा उणे येतो. असा उणे आकडा ठळक दिसला की रुग्णाकडे नव्हे, आधी लेबलकडे बघायचं.

तोंडातले जंतूही युरिया फोडतात. द्रावण प्यायल्यावर चूळ भरली नाही आणि दुसरी फुंकर दहाव्या मिनिटाला घेतली तर खोटा पॉझिटिव्ह मिळतो. तीस मिनिटं म्हणजे तीसच.

हे सगळं नीट केलं तर ऑपरेशन न झालेल्या जठरात ब्रेथ टेस्ट उत्तम आहे. निकाल त्याच दिवशी, नमुना स्वच्छ, कुणाला लाज वाटायचं कारण नाही. फक्त उपाशी राहून यंत्रापर्यंत यावं लागतं.

स्टूल अँटिजेन जवळून

इथे बिघाड दुसऱ्या टोकाला होतो: नमुना घरून प्रयोगशाळेपर्यंत पोहोचताना. डबी कोरडी हवी. कमोडमधलं पाणी किंवा लघवी मिसळलेली नको. फॉर्मलिन घातलेली डबी परजीवींच्या तपासणीची असते, तीच उचलून दिली तर नमुना वाया. वाटाण्याएवढा नमुना पुरतो, पण तो दोन-तीन जागांवरून घ्यावा. लगेच पोहोचवता आला नाही तर २ ते ८ अंशांत ठेवायचा. बहुतेक किट त्या तापमानात तीन दिवसांपर्यंत चालतात, त्याहून उशीर होणार असेल तर उणे २० ला गोठवणं. किटच्या कागदावर जे लिहिलंय ते अंतिम.

सगळ्यात मोठी ग्यानबाची मेख किटच्या जातीत आहे. मोनोक्लोनल (एकाच जातीच्या) अँटिबॉडीवरची एलायझा, म्हणजे प्रयोगशाळेत होणारी चाचणी, आणि दहा मिनिटांत रेघ दाखवणारं कार्ड यांना एकाच नावाने ओळखलं जातं, पण त्यांची लायकी एक नाही. कार्ड कमी भरवशाचं, आणि कोर्सनंतर तर आणखीच. ९५ टक्क्यांचा जो आकडा वर दिला तो मोनोक्लोनल एलायझाचा. प्रयोगशाळेला एकच प्रश्न विचारा: कार्ड की एलायझा, आणि मोनोक्लोनल का? उत्तर गुळमुळीत आलं तर ब्रेथ टेस्टकडे जा. त्या परिस्थितीत आमचा कलही तिकडेच झुकेल.

पातळ शौचात अँटिजेन विरळ होतो, म्हणून पाण्यासारखा जुलाब असताना दिलेला निगेटिव्ह मानू नये. याउलटची अडचण ऑपरेशनआधीच्या द्रव आहाराची. यकृत आक्रसावं म्हणून साधारण दोन आठवडे दिवसाला ८०० कॅलरींच्या आसपासचा आहार देतात. त्या काळात काहींना तीन-तीन दिवस नमुनाच मिळत नाही, काहींना पातळ होतं. त्यामुळे डबी द्रव आहार सुरू व्हायच्या आधी द्यायची. हे साधं वाटतं, पण अर्धे घोटाळे इथेच.

पीपीआयचे चौदा दिवस

आता ज्या त्रासाने आम्हाला निवड करायला लावली, त्याकडे. दोन्ही तपासण्यांना एकच पथ्य आहे: पीपीआय दोन आठवडे बंद, अँटिबायोटिक आणि बिस्मथ चार आठवडे बंद. पीपीआय जंतूला मारत नाही, पण त्याची संख्या आणि युरियेजचं काम इतकं खाली आणतो की तपासणीला तो दिसत नाही. जठराच्या शेवटच्या भागातून तो वर सरकतो, तेही याच औषधामुळे.

आता रुग्ण कोण आहे ते बघा. वजन जास्त, पोटावर दाब जास्त, रात्री आडवं झालं की छातीत जळजळ. असा माणूस वर्षानुवर्षं सकाळची गोळी घेत असतो. ती अचानक बंद केली की आम्ल पूर्वीपेक्षाही उसळून येतं. पहिले चार दिवस दात-ओठ खाऊन निघतात. आठव्या-नवव्या दिवशी रात्री अडीच वाजता उठून एक गोळी घेतली जाते, आणि सकाळी ‘एकच तर घेतली’ म्हणून सांगायचं राहून जातं. निगेटिव्ह रिपोर्ट येतो. सगळे खूश. पण त्या रिपोर्टचा अर्थ ‘जंतू नाही’ असा नसून ‘जंतू दिसला नाही’ असा आहे, आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

काही जण तर न सांगता घेतात असंही नाही. त्यांना माहीतच नसतं. पँटोप्राझोल डोम्पेरिडोनबरोबर एका कॅप्सूलमध्ये येतं. नेप्रॉक्सेन इसोमेप्राझोलबरोबर येतं, आणि रुग्ण ती गुडघेदुखीची गोळी म्हणून ओळखतो. व्होनोप्राझानही आम्ल दाबतं, पण ते पीपीआय नाही, म्हणून ‘पीपीआय बंद करा’ म्हटल्यावर ते चालूच राहतं, तर नियम त्यालाही तोच. म्हणून तोंडी सूचना देऊ नका. औषधांची पिशवी उलटी करायला लावा आणि प्रत्येक पाकिटाच्या मागचं रासायनिक नाव वाचा.

जळजळ अगदी असह्य झाली तर मधल्या काळात फॅमोटिडीन (आम्ल कमी करणारं दुसऱ्या जातीचं औषध) चालतं. तपासणीच्या आदल्या दिवसापासून मात्र तेही थांबवावं. जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध, उशाखाली पाचर, झोपेआधी तीन तास काही न खाणं, यावर बहुतेकांचे चौदा दिवस निघतात. ही तयारी पहिल्या दिवशीच हातात दिली तर नवव्या रात्रीचा प्रसंग बराच टळतो, असा आमचा अनुभव आहे.

काहींचं पीपीआय थांबवूच नये: अन्ननलिकेचा सी किंवा डी दर्जाचा, म्हणजे तीव्र दाह, बॅरेट अन्ननलिका (आम्लाने अस्तर बदललेली), रक्त पातळ करणारी औषधं चालू आणि आधी व्रणातून रक्त गेलेलं. यांच्यासाठी श्वास आणि शौच दोन्ही बाजूला ठेवावेत. एंडोस्कोपीत जठराच्या शेवटच्या आणि मधल्या, दोन्ही भागांतून तुकडे घ्यायचे आणि जोडीला आयजीजी. वर म्हटलेला तिचा एकच गुण तो हा, पीपीआयचा तिच्यावर परिणाम होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसला नाही तरी अस्तरात न्यूट्रोफिल (दाहात जमणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरलेले असतील तर ‘इथे कुणीतरी आहे’ एवढं कळतं. श्वासाच्या आकड्यात अशी कुजबुज नसते.

तर, पथ्य दोघांनाही सारखंच आहे. मग यात स्टूलची सरशी कुठे? इथे कॅलेंडर काढावं लागतं.

कोर्सचा पहिला दिवस एक धरा. चौदाव्या दिवशी कोर्स संपला. त्यानंतर किमान चार आठवडे, म्हणजे बेचाळिसावा दिवस हा तपासणीचा सगळ्यात लवकरचा दिवस. आम्ही स्टूलसाठी सहा ते आठ आठवडे थांबतो, कारण घाईत घेतलेला आकडा कट-ऑफच्या, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या सीमेच्या, काठावर लोंबकळत राहतो आणि पुन्हा सगळं करावं लागतं. म्हणजे छप्पन्नावा ते सत्तरावा दिवस. या मुदतीत ऑपरेशनची तारीख, भूलतज्ज्ञाची भेट, द्रव आहार आणि नोकरीवरची रजा एकमेकांना धडकतात. ब्रेथ टेस्टसाठी विशिष्ट दिवशी, उपाशी, यंत्र जिथे आहे तिथे यायला हवं. एक भेट चुकली की पुढची तारीख दहा दिवसांनी, आणि ते दहा दिवस पीपीआयशिवाय आणखी काढायचे. स्टूलची डबी माणूस आपल्या सोयीने, पीपीआयच्या सुट्टीच्या पंधराव्या दिवशी सकाळी भरतो, घरातलं कुणीही ती नेऊन देतं आणि त्याच दुपारी गोळी पुन्हा सुरू होते. सुट्टी पंधरा दिवसांची ती पंधराच राहते. या एका गोष्टीने आमचं पारडं फिरलं.

एक युक्ती दोन्हींना लागू: कोर्सबरोबर पीपीआयही संपवायचा, आणि तपासणी होईपर्यंत सुरूच करायचा नाही. नेहमी घडतं असं की अँटिबायोटिक संपतात आणि जुनी सकाळची गोळी मात्र कुणी थांबवत नाही. मग सहाव्या आठवड्यात आठवण होते आणि मोजणी पहिल्यापासून.

ऑपरेशन झाल्यानंतर

इथे बरोबरी राहतच नाही, असं आमचं प्रामाणिक मत.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढला जातो आणि उरलेली नळी लवकर रिकामी होते. बायपासमध्ये युरियाचं द्रावण छोट्या कप्प्यातून थेट आतड्यात उतरतं. ब्रेथ टेस्टला युरिया आणि जंतू यांची गाठ पडायला वेळ लागतो, आणि इथे तो मिळत नाही. बंद जठरात तर युरिया पोहोचतच नाही, मग तिथल्या जंतूने उत्तर कसं द्यावं? शिवाय आम्ल कमी झालेल्या जठरात युरियेज असलेले इतर जंतू वस्ती करू शकतात, म्हणजे चूक उलट्या बाजूनेही होते. जठरावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसात ब्रेथ टेस्टचा निगेटिव्ह आम्ही मानत नाही.

बंद जठर मात्र बंद असलं तरी आटलेलं नसतं. त्याचा पाझर पित्ताच्या आतड्यातून खाली उतरतो, पुढे अन्नाच्या वाटेला मिळतो आणि शौचापर्यंत येतो. म्हणून अँटिजेनला तिथला माग लागू शकतो. निर्दोष ही तपासणीही नाही: बायपासनंतर बऱ्याच जणांना पातळ होतं, आणि ऑपरेशननंतर साधारण तीन महिने पीपीआय चालू असतो; धूम्रपान करणाऱ्यांचा आणखी लांबतो. टाके भरून यायच्या आत तपासणीसाठी तो थांबवणं हा धोका पत्करण्यासारखा नाही. डबी पीपीआयचा ठरलेला काळ संपल्यावर, त्यानंतर दोन आठवड्यांनी द्यावी.

स्लीव्हमध्ये एक विचित्र प्रसंग येतो. आधीची तपासणी निगेटिव्ह, आणि कापून काढलेल्या जठराच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये जंतू. गाडी रुळावरून उतरून आता वाटेत उभी. काढलेला भाग वरचा आणि बाहेरच्या मोठ्या वळणाचा असतो. कापायला सुरुवात पायलोरसपासून (जठराच्या खालच्या दारापासून) २ ते ६ सेंमीवर होते, त्यामुळे जंतूचं आवडतं ठिकाण, जठराचा शेवटचा भाग, रुग्णाच्या पोटातच राहिलेला असतो. घाबरायचं कारण नाही, पण ‘जठर काढलं म्हणजे जंतूही गेला’ हे समाधान करून घेऊ नये. गोळ्या नीट गिळता येऊ लागल्या की कोर्स, आणि मग स्टूल. हाच रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्यावरूनही निश्चिंत होऊ नका. पोटात राहिलेल्या भागाबद्दल तो काहीच बोलत नाही.

बायपासच्या जोडावर व्रण सापडला तर कप्प्यातून घेतलेल्या एखाद्या तुकड्यावर भिस्त ठेवू नये. तिथे अस्तर थोडं, जंतूही थोडे. तिथेही स्टूल जोडीला हवं. व्रणासाठी दिलेली पीपीआयची कॅप्सूल उघडून आतले दाणे घ्यायला सांगा. छोट्या कप्प्यातून अख्खी कॅप्सूल न विरघळताच पुढे सरकते.

आधी आणि नंतर एकाच पद्धतीने तपासलेलं असेल तर दोन रिपोर्ट शेजारी ठेवून वाचता येतात. ऑपरेशनआधी ब्रेथ, नंतर स्टूल, मधे बायोप्सी, असं झालं की तीन भाषांतले तीन साक्षीदार उभे करून खटला चालवावा लागतो.

औषधाविषयी, थोडक्यात

कशाने तपासलं याइतकंच कशाने उपचार केले यावरही दुसरा रिपोर्ट ठरतो. क्लॅरिथ्रोमायसिनवाला तीन औषधांचा कोर्स गोळ्यांनी हलका, म्हणून मोह होतो. पण त्या औषधाला जंतू दाद देतो की नाही हे माहीत नसेल तर तो देऊ नये, असंच आताच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. १४ दिवसांचा बिस्मथवाला कोर्स जड आहे, पण आमची पसंती त्यालाच. त्यात एक खास बॅरिॲट्रिक खोड आहे: हे रुग्ण ऑपरेशनआधीच लोह, कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन घेऊ लागलेले असतात. टेट्रासायक्लीन या सगळ्यांना चिकटून निरुपयोगी होते. दिवसातून चार वेळा टेट्रासायक्लीन आणि तीन वेळा कॅल्शियम यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवायचं म्हणजे दिवसाचे तास पुरत नाहीत. सोपा मार्ग असा की ते चौदा दिवस लोह-कॅल्शियम बंदच ठेवावं. ऑपरेशन व्हायचं आहे, तोवर दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही. रक्तक्षय तीव्र असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. दूध आणि अँटासिडलाही तेच अंतर.

शौच आणि जीभ काळी पडते ती बिस्मथमुळे, रक्तामुळे नव्हे. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी घाबरलेला फोन येतो आणि कोर्स अर्ध्यावर सुटतो. मेट्रोनिडॅझोलबरोबर दारू नाही, कोर्स संपल्यावरही तीन दिवस नाही.

ब्रेथ टेस्ट कुणी निवडावी

एवढं सगळं सांगूनही काहींना ब्रेथ टेस्टच बरी. जुलाबाचा जुना त्रास असलेला माणूस. नमुना देण्याच्या कल्पनेनेच मागे हटणारा, जो डबी तीन आठवडे कपाटात ठेवील. न झालेल्या तपासणीची अचूकता शून्य असते. जिथे मोनोक्लोनल एलायझा मिळत नाही. आणि ज्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, जो पीपीआय घेतच नाही आणि यंत्र चार पावलांवर आहे, त्याच्यासाठी तर दोन्हींत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

बायपास ठरलेला असेल आणि अस्तर पातळ झालेलं किंवा आतड्यासारखं बदललेलं असेल तर मात्र या दोन्हींवर थांबू नये. तिथे एंडोस्कोपीतच पाच तुकडे घ्यावेत: शेवटच्या भागातून दोन, मधल्या भागातून दोन, कोनातून एक. पाचही एकाच बाटलीत टाकले तर बदल कुठे आहे हे कळत नाही. शेवटच्या भागाचे नि कोनाचे वेगळे, मधल्या भागाचे वेगळे. बदल पसरलेला निघाला तर जंतूचा प्रश्न मागे पडतो आणि बायपास करायचा की नाही, हाच प्रश्न सर्जनबरोबर पुन्हा उघडावा लागतो.

बाकी सगळ्यांसाठी आम्ही स्टूलची डबी देतो आणि डबीबरोबर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन ओळी रुग्णाने स्वतःच्या हाताने भरायच्या: आम्लाची शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली, अँटिबायोटिक किंवा बिस्मथ शेवटचं कधी घेतलं, आणि नमुना घट्ट होता की पातळ. पहिल्या ओळीत ‘परवा रात्री एक’ असं लिहून आलं की नमुना तपासायला न पाठवता डबी परत जाते, नव्या तारखेसकट.